शिंपिणीचा कापूस

डोंगरउतारावर एक करवंदी होती. दाट, काटेरी, पांढऱ्या फुलांनी भरलेली.

शेजारच्या झाडावर इवलीशी शिंपीण राहायची. चोचीने पानं शिवून तिने घरटं केलं. आत सावरीचा कापूस अंथरायचा, की झालं! आज तिला अंडं घालायचं होतं.

सूंऽऽ सूंऽऽ! वारा आला. चोचीतला कापूस उडाला. करवंदीच्या काट्यांत अडकला!

शिंपीण निघाली, फुदुक फुदुक.

"करवंदीताई, करवंदीताई,
माझा कापूस दे ना!"

"मी नाही देत जा! माझी फुलं कधीची वाट बघतायत. मधमाशी आली नाही, तर करवंदं कशी लागतील? आधी तिला आण."

शिंपीण निघाली, फुदुक फुदुक.

"माशीबाई, माशीबाई,
करवंदी कापूस देईना,
माझं अंडं ठेवू कुठे?
चल ना!"

"गुंऽऽ गुंऽऽ! मी नाही येत जा! वाटेत कोळ्याचं जाळं आहे. अडकले म्हणजे?"

शिंपीण निघाली, फुदुक फुदुक.

"कोळीकाका, कोळीकाका,
माशी येईना,
करवंदी कापूस देईना,
माझं अंडं ठेवू कुठे?
जाळं आवरा ना!"

"मी नाही आवरत जा! समोर सरडा टपलाय. बाहेर आलो, की गट्टम!"

शिंपीण निघाली, फुदुक फुदुक.

"सरडोबा, सरडोबा,
कोळी जाळं आवरेना,
माशी येईना,
करवंदी कापूस देईना,
माझं अंडं ठेवू कुठे?
हला ना!"

सरड्याने मान हलवली. हो हो, हो हो! आणि म्हणाला काय?

"मी नाही हलत जा! अंग गार पडलंय. ढगाने ऊन अडवलंय ना!"

शिंपीण शेंड्यावर चढली, फुदुक फुदुक.

"ढगोबा, ढगोबा,
सरडा हलेना,
कोळी जाळं आवरेना,
माशी येईना,
करवंदी कापूस देईना,
माझं अंडं ठेवू कुठे?
सरका ना!"

"मी नाही सरकत जा! मला का पाय आहेत? वाऱ्याने ढकलायला हवं."

वारा दरीत लोळत होता. शिंपीण धापा टाकत आली.

"वारादादा, वारादादा,
ढग सरकेना,
सरडा हलेना,
कोळी जाळं आवरेना,
माशी येईना,
करवंदी कापूस देईना,
माझं अंडं ठेवू कुठे?"

वारा ताडकन उठला.

"कापूस? पांढरा? मऊ मऊ? अरेच्चा! तो मीच उडवला! मला वाटलं, खेळायचा आहे. चल, चल!"

वारा फुंकला, फूऽऽ!
ढग सरकला.
ऊन पडलं.
सरडा ऊन खायला पळाला, सुर्रर्र!
कोळ्याने जाळं आवरलं.
माशी आली, गुंऽऽ गुंऽऽ, फुलात शिरली.
करवंदीला झाल्या गुदगुल्या! ती खुदकन हसली. हसता हसता हलली.
आणि कापूस सुटला!

शिंपिणीने तो टिपला. घरट्यात अंथरला. वर ठेवलं इवलंसं अंडं.

"मी बघू?" वाऱ्याने विचारलं.

"बघ. पण हळूच हं!"

वारा हळूच आला. अगदी हळूच. घरटं झुललं, झुलू झुलू.

अंडं निजलं. गोष्टही निजली.