आव्याची राखण

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या नदीकाठी ती घडली त्या नदीनं तेव्हापासून कितीदा तरी पात्र बदललं असेल. त्या काठावर कुंभारांचं एक लहानसं गाव होतं. गावात एक प्रार्थनाघर होतं आणि त्याच्यामागच्या मोकळ्या जागेत गावकरी मडकी भाजायला आवा लावत. दोन घरं मिळून एक आवा. एकट्याला तेवढं जळण कुठून आणायचं?

आव्याची एक रीत होती. मडकी रचली, गोवऱ्या आणि पाचट भरलं, वरून चिखलानं लिंपलं, की शेवटी वीतभर तोंड उरे. ते दोन्ही घरच्या बायकांनी हाताला हात लावून बुजवायचं आणि म्हणायचं, "प्रभूनं माझं चुकलेलं पोटात घातलं, मीही तुझं पोटात घातलं." मगच खालून विस्तव द्यायचा.

त्या गावात एक तरुण कुंभारीण होती. तिचा हात सुरेख होता, तिच्यासारखे रांजण पंचक्रोशीत कुणी घडवत नसे. पण जीव चिमणीचा. पान गळलं तरी दचकायची.

आदल्या वर्षी तिच्या शेजारणीकडून एक मोठी चूक झाली होती. ही शेजारीण वयानं थोरली आणि तोंडानं फटकळ. सगळे तिला अक्का म्हणत. बाजार गाठायच्या घाईत अक्कानं आवा निवायच्या आधीच उकरला. आतल्या तापल्या भांड्यांना गार वारा लागला आणि कुंभारिणीचे सगळे रांजण तडकले. त्या पावसाळ्यात तिच्या घरी रानातला पाला शिजत होता.

अक्का पदर पसरून रडली होती. "चुकले गं बाई. पदरात घे."

प्रार्थनाघरात सगळ्यांच्या देखत कुंभारीण म्हणाली, "क्षमा केली, अक्का."

आणि घरी येऊन तिनं दाराला दुसरी कडी बसवली.

वर्ष सरलं. पुन्हा पावसाच्या तोंडावरचा शेवटचा आवा आला. हा साधला तर चार महिन्यांचं धान्य, बिघडला तर पुन्हा पाला. रीतीप्रमाणं तो त्याच दोन घरांचा होता.

मडकी रचताना अक्का म्हणाली, "तुझे रांजण या अंगाला लाव. इथं आच सारखी लागते."

कुंभारिणीच्या मनात शंका आली. हिला माझा एवढा पुळका कधीपासून? ती म्हणाली, "नको, मी नदीच्या अंगाला लावते."

"अगं, ते वाऱ्याचं अंग आहे!"

"असू दे."

"तुझी मर्जी. मडकी तुझी, वारा देवाचा."

तोंड बुजवताना कुंभारीण रीतीचे शब्द बोलली. बोलताना मात्र ती अक्काच्या हाताकडे बघत होती, की चिखलात काही मिसळत तर नाही ना.

आवा पेटला. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती घरातून निघाली, तसा नवरा म्हणाला, "कुठं निघालीस?"

"आव्याकडं."

"आवा काय पळून चाललाय? आता त्याचा तो भाजेल."

"आवा नाही हो, माणसं बघावी लागतात."

"अगं, क्षमा केलीस ना तिला?"

"केली की. म्हणून काय डोळे फोडून घेऊ?"

ती प्रार्थनाघराच्या भिंतीआड जाऊन बसली. पाल सरपटली तरी ती वळून बघायची. धूर आडवा जात होता, पण तिचं लक्ष माणसांच्या वाटेकडे होतं. गाव जेवून लवंडलं होतं. तिला वाटलं, उगीच आलो आपण.

तेवढ्यात अक्का आली.

पदराखाली काहीतरी झाकलेलं. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग थेट नदीच्या अंगाला, कुंभारिणीच्या रांजणांपाशी जाऊन ती उकिडवी बसली. तिचे हात हलताना दिसत होते, काय करतात ते दिसत नव्हतं. मग लुगड्याला हात पुसत ती झपाझप निघून गेली.

कुंभारीण भिंतीआडून उठली. धावत जाऊन पाहते तर वाळल्या लिंपणावर ओल्या मातीचा तळहाताएवढा लपका.

'इथंच! माझ्याच बाजूला!' अक्कानं आत भोक पाडलं असणार आणि वरून झाकलं असणार. विचारायला गेलं तर कबूल थोडीच होणार? ओरडून लोक जमवावेत, तर ते येईतो अक्का काहीतरी सबब शोधून ठेवील. आत काय केलंय ते बघितलंच पाहिजे.

कमरेचा विळा काढून तिनं तो लपका खरवडून काढला. आतून धगीचा लोट तोंडावर आला. डोळे बारीक करून तिनं पाहिलं. रांजण लालबुंद, अख्खे, एकाला एक टेकून उभे होते. कुणी काही केलेलं नव्हतं.

आणि नदीवरून वारा उठला. हूं करून तो त्या भोकातून आत शिरला.

तण्ण!

मग दुसरा आवाज. मग लागोपाठ. तिनं घाईघाईनं माती भरली, पण आतलं फुटणं थांबेना. ती पळत घरी आली, दोन्ही कड्या लावल्या आणि कुणाला चकार शब्द बोलली नाही.

आवा निवला, उघडला. नदीकडचा अर्धा भाग नुसती खापरं. कुंभारिणीचे रांजण गेलेच, अक्काचीही पुष्कळ मडकी त्यांच्याबरोबर गेली.

"पुन्हा?" कुणीतरी म्हणालं.

"जित्याची खोड, दुसरं काय!"

सगळ्यांच्या नजरा अक्काकडे वळल्या. प्रार्थनाघराचे म्हातारे बाबा काठी टेकत पुढे आले. "अक्का, तू आव्याशी आली होतीस?"

"आले होते. खोटं कशाला बोलू? लांबून धूर आडवा जाताना दिसला. लिंपणाला भेग पडली होती. घरून ओली माती आणली नि बुजवली."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगून? मी आव्याजवळ गेले म्हटल्यावर कोण माझं ऐकून घेणार होतं? आताही कुठं घेताय!"

कुणी ऐकून घेतलं नाही. लोकांचं म्हणणं पडलं, की यापुढं हिची मडकी कुणाच्याही आव्यात लावायची नाहीत. म्हणजे अक्काची चूलच विझली.

कुंभारीण गर्दीत उभी होती. गप्प राहिलं तर आपलं नाव येत नाही. बोललं तर गाव आपल्याला बाहेर काढील, आणि अक्का तर जीवच घेईल. तिची नजर अक्काच्या बोटांवर गेली. तापल्या लिंपणावर माती दाबून दाबून ती भाजली होती. फोड आले होते.

"मी," कुंभारीण म्हणाली. "मी काढली ती माती. मला वाटलं, अक्कानं मुद्दाम काही केलंय. बघायला भोक पाडलं, नि वारा शिरला."

"भवाने!" अक्का कडाडली. "मी हात भाजून घेतले, नि तू विळा घातलास? वर्षभर मेली तोंडावर गोड बोलते, अक्का अक्का करते!" तिनं एक खापर उचललं. कुंभारिणीनं डोळे गच्च मिटले.

खापर अंगावर आलं नाही. डोळे उघडून बघते तर अक्का राखेतच बसली होती आणि रडत होती.

बाबा हळूच म्हणाले, "अक्का, आता तू सांगशील तसं."

अक्कानं हातातलं खापर राखेत टाकलं. मग नाक पुसून म्हणाली, "गेल्या साली मी पदर पसरला होता, तेव्हा कुठं माझी लायकी बघून मागितलं होतं? जा, पोटात घातलं. दुखेल थोडे दिवस, पण घातलं."

कुंभारिणीला ते खरं वाटेना. रात्रभर ती विचार करत राहिली. आज सोडलं, उद्या काय करील?

सकाळी ती नदीवर गेली तर मातीच्या खाणीपाशी अक्का आधीच आलेली. समोर फुटक्या खापरांचा ढीग, हातात धोंडा.

"उभी काय राहतेस? कूट. ही पूड मातीत मिसळली की मडकं तडकत नाही. पाऊस यायच्या आत एक लहान आवा होईल."

"माझ्याबरोबर लावणार, अक्का?"

"मग काय गाढवाबरोबर लावू?"

दोघींनी मिळून खापरं कुटली, माती तुडवली, लहान लहान मडकी केली. आवा पेटवला आणि अक्का पाठ फिरवून घरी चालू लागली. कुंभारिणीचे पाय आव्याकडे ओढत होते. तरी ती अक्काच्या मागोमाग निघाली.

आवा चांगला भाजला. पण मडकी थोडीच होती, म्हणून धान्यही थोडंच आलं. त्या पावसाळ्यात दोन्ही घरांची पेज पातळ होती, आणि ती एकाच चुलीवर शिजत होती.

तात्पर्य: ज्याला क्षमा केली त्याच्यावर पहारा ठेवू नये, त्या पहाऱ्यात आपलंच घर फुटतं.