आईसाठी रंगवलेली खोली

कार्तिक शुद्ध षष्ठी. पहाटे दाट धुके होते, दिवस वर आल्यावर स्वच्छ ऊन पडले, वारा नव्हता. त्या दिवशी डोंगराच्या पायथ्याच्या रानात एका उंदरिणीने आपल्या बिळातली मागची खोली झाडायला घेतली. मुलांनो, खोली कसली, बोरीचे मूळ आणि एक दगड यांच्यामध्ये उरलेली सांदच होती ती. उंदरीण मधोमध उभी राहिली की तिच्या मिशा दोन्ही भिंतींना लागत. पण तिथे तिला आपल्या म्हाताऱ्या आईला आणायचे होते. आईचे नदीकाठचे बीळ पावसाळ्यात खचले, आणि तेव्हापासून ती घाणेरीच्या झुडपाखाली, गवतात उघड्यावर झोपत होती. बंद जागेत तिचा जीव घुसमटे. समोरच्या झाडावर एक घुबड येऊन राहिले होते आणि अलीकडे ते त्या झुडपावरूनच घिरट्या घालू लागले होते.

शेजारच्या घुशीचे बीळ ऐसपैस होते आणि ती सल्लेही तसेच ऐसपैस देई. मूळ कुरतडून टाक, जागा दुप्पट होईल, असे तिने सांगितले. पण छताची सगळी माती त्याच मुळाने धरून ठेवली होती. उंदरिणीने नको म्हटले आणि खोली वाढवता येत नाही तर रंगवून सुंदर करते, असे सांगितले. घूस पोट धरून हसली. "अगं बाई, रंग फासून कधी बीळ मोठं झालंय का?"

उंदरीण कामाला लागली. आता उंदरांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. दाणा दिसला की उचलायचा, घरी आणायचा आणि आधीच्या ढिगावर ठेवायचा. तिने सजावटही तशीच केली. तांबड्या गुंजा सापडल्या, त्यांची रांग लावली. सोनकीच्या पिवळ्या पाकळ्या मिळाल्या, त्या गुंजांच्या वर चिकटवल्या. होल्याच्या अंड्याची टरफले, फुलपाखरांचे गळलेले पंख, नीलपंख पक्ष्याचे निळे पीस, जे जे आवडले ते ते भिंतीवर गेले. उरलेल्या जागेत तिने तांबड्या मातीचे, कावेचे ठिपके दिले. एवढ्याशा जीवाने एवढे सगळे तोंडात धरून आणले, हे खरोखरच कौतुकाचे होते.

आई आली. तिने प्रत्येक वस्तू जवळून पाहिली, हुंगली. मग तिला धाप लागली. "पोरी, एकेक वस्तू बघत राहावी अशी आहे गं," ती म्हणाली, "पण सगळ्या मिळून माझ्या अंगावर येतायत." आणि ती बाहेर पडून थेट झुडपाकडे गेली. घुशीने हे आपल्या दारातून पाहिले आणि आता तरी मूळ कुरतड, असे पुन्हा सुचवले.

उंदरिणीला वाईट वाटले, पण ती रुसून बसली नाही. ती आईमागे गेली आणि तिच्याशेजारी गवतात बसून राहिली. बसल्या बसल्या तिला एक नवल दिसले. तिथेही दोन्ही बाजूंच्या काड्या आईच्या अंगाला लागत होत्या, तरी आई शांतपणे श्वास घेत होती.

"आई, इथे कशी नाही गं घुसमटत तू? इथे तर खोलीपेक्षाही दाटी आहे."

आईने थोडा विचार केला. "इथे काड्या सरळ वर जातात आणि त्यांच्यामागे उजेड असतो. माझी नजर मधून निघून जाते, कुठे अडकत नाही."

उंदरीण घरी आली आणि तिने भिंतीवरचे सगळे उतरवले. प्रत्येक वस्तू हातात घेताना तिचा जीव तुटत होता; पण तिने एकही परत लावली नाही, फक्त निळे पीस दाराशी ठेवले. मग ओढ्याकाठची पांढरी माती आणून तिने भिंती सारवल्या. छताला सर्वांत फिकट हात दिला. पाने चावून हिरवा रस काढला, त्यात शेपटीचे टोक बुडवले आणि मागच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत गवताच्या काड्या काढल्या. कडेच्या काड्या जाड आणि गडद. मध्याकडे जाताना त्या बारीक आणि फिक्या होत गेल्या. अगदी मध्ये तिने काहीच काढले नाही, पांढरे तसेच ठेवले. एक रेघ वाकडी गेली तेव्हा तिने ती ओल्या मातीने पुसली, ती जागा सुकू दिली आणि रेघ पुन्हा काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दारातून ऊन आत येते त्या वेळी, तिने आईला बोलावले. आई दाराशी थबकली. मग आत गेली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली.

"ह्या गवताच्या पलीकडे काय आहे गं?" तिने विचारले.

"दगड आहे, आई."

"असू दे," म्हणत आईने अंग पसरले.

घुशीने आत डोकावून पाहिले. तिने एकदा भिंतीकडे आणि एकदा उंदरिणीच्या हिरव्या शेपटीकडे पाहिले आणि पांढरी माती ओढ्याच्या कोणत्या काठाला मिळते, ते विचारून घेतले.

आई होळीपर्यंत त्या खोलीत राहिली. त्या हिवाळ्यात ती एकदाही उघड्यावर झोपली नाही.

तात्पर्य : लहान जागा सजवताना आपल्याला काय काय आवडते याआधी तिथे राहणाऱ्याला मोकळे कशाने वाटते ते पाहावे, मग एक रंग आणि एक नक्षीही पुरते.