कोल्ह्याच्या चौक्या

दोन टेकड्यांच्या मध्ये पसरलेल्या एका जंगलात एक कोल्हा राहत असे. तो लबाड नव्हता. कुणाचे काही चोरत नसे आणि खोटेही फारसे बोलत नसे. मात्र त्याचा कुणावर विश्वास म्हणून बसत नसे. कुणी हसून बोलले, की हा का हसला याचा तो विचार करत बसे. कुणी गप्प राहिले, तर हा काय लपवतो आहे याचा.

मुलांनो, त्या जंगलाचे नाव दूरवर पोचले होते ते तिथल्या टोपल्यांमुळे. ओढ्याकाठच्या बाभळींवर सुगरण पक्ष्यांची मोठी वस्ती होती. हे पक्षी आपली घरटी तर विणतच, शिवाय इतरांसाठी टोपल्याही विणत. खारी त्यांत दाणे साठवत, वानरिणी त्या फांदीला टांगून त्यांत पिल्ले निजवत. शेजारच्या जंगलांतले प्राणी टोपल्या न्यायला येत आणि येताना कंद, बोरे, मध घेऊन येत. त्यामुळे भर उन्हाळ्यात इथली झाडे ओकीबोकी झाली, तरी कुणाचे पोट रिकामे राहत नसे.

टोपल्यांसाठी लागणारे लांब पात्यांचे गवत तळ्याकाठी उगवे. एक सांबर पहाटे ते शिंगांवर लादून बाभळींपर्यंत आणून देई. एकदा त्या भाऱ्यात दडून एक साप आला आणि त्याने घरट्यातली अंडी खाल्ली. सगळे जंगल हळहळले. त्या जंगलाचा राजा वाघ होता. त्याने कोल्ह्याला बोलावून सांगितले, "तुझी नजर बारीक आहे. पुन्हा असे होता कामा नये."

कोल्ह्याने तळ्याकाठी चौकी बसवली आणि तिथे मुंगसाला नेमले. सांबराने भारा उतरवायचा, मुंगसाने तो उलगडून पाहायचा, मग पुढे जायचे. इथवर ठीक होते. पण कोल्ह्याच्या मनात आले, मुंगसाला डुलकी लागली तर? म्हणून त्याने पुढच्या वळणावर साळिंदर बसवले. साळिंदर आणि मुंगूस एक झाले तर? म्हणून त्याच्याही पुढे घोरपड बसवली. आणि घोरपडीचा तरी काय भरवसा, असे म्हणून बाभळींच्या आधी तो स्वतः ठाण मांडून बसला. प्रत्येक चौकीवर भारा सुटे, उन्हात पसरला जाई, पुन्हा बांधला जाई. सकाळी पोचणारे गवत आता दुपार कलल्यावर पोचू लागले.

साप पुन्हा आला नाही. पण हळूहळू टोपल्यांचे काठ तुटू लागले, कड्या सुटू लागल्या. एका वानरिणीचे पिल्लू टोपलीसकट खाली आले. सुदैवाने खाली पाचोळा होता म्हणून ते बचावले. गिऱ्हाइके कुरकुरली आणि मग येईनाशी झाली. नदीपलीकडच्या जंगलात नवी वस्ती झाली आहे, तिथल्या टोपल्या टिकतात, असे जो तो सांगू लागला. मध आला नाही, कंद आले नाहीत. त्या उन्हाळ्यात सशांची पिल्ले उपाशी निजली आणि एक हरिणी आपली पाडसे घेऊन कायमची निघून गेली.

वाघ अस्वस्थ झाला. "आपल्या टोपल्या आता कुणी का नेत नाही?"

"महाराज," कोल्हा म्हणाला, "पलीकडच्यांना विणायला कुठे येत होते? आपले कसब कुणीतरी त्यांना नेऊन देत आहे. आपल्यातच कुणीतरी फितूर आहे."

वाघाला ते पटले. मग कोल्ह्याने विणकरांवरही पहारा बसवला. नदी ओलांडायची नाही असा हुकूम निघाला. रोज संध्याकाळी प्रत्येक पक्ष्याने पंख पसरून दाखवायचे, पंखाखाली विणीचा नमुना दडवलेला नाही ना ते साळिंदर पाहणार. या वस्तीतला सर्वांत जुना विणकर एक म्हातारा सुगरण पक्षी होता. तो पंख पसरून उभा राहिला. पण दुसऱ्या दिवशी त्याची फांदी रिकामी होती. त्याच्याबरोबर कितीतरी तरुण पक्षीही गेले होते.

कोल्ह्याला एक प्रकारचे समाधान वाटले. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "चोर आपणहून उघडा पडला." आणि पुरावा आणण्यासाठी तो पहाटे नदी पोहून पलीकडे गेला.

करवंदीच्या जाळीत दडून तो पाहू लागला. इथला राजा पक्ष्यांना दमदाटी करून राबवत असेल, नाहीतर पहिल्या प्रतीचे गवत आपल्याच तळ्यावरून चोरून आणत असेल, अशी त्याची खात्री होती. इतक्यात एक गवा गवताचा भारा घेऊन आला. पात्यांवर अजून दव होते. तो सरळ विणकरांच्या झाडाखाली आला आणि त्याने भारा तिथेच टाकला. झाडाच्या मुळाशी एक मुंगूस बसले होते. भारा उलगडताना त्याने नाक घालून पाहिले आणि ते बाजूला झाले. पक्षी खाली उतरले, ओली पाती चोचीत घेऊन वर गेले आणि विणू लागले. एवढेच.

कोल्ह्याचा विश्वास बसला नाही. आपण आलो आहोत हे यांना कळले असावे, हे सगळे आपल्याला दाखवायला चालले आहे, असे त्याला वाटले. तो दिवसभर आणि दुसऱ्या सकाळीही जाळीतच बसून राहिला, करवंदांवर भूक भागवली. दुसऱ्या सकाळीही तेच घडले.

शेवटी तो बाहेर आला. म्हातारा विणकर खालच्याच फांदीवर होता.

"तू यांना आपले कसब शिकवलेस," कोल्हा म्हणाला.

"मी येण्याआधीपासूनच गिऱ्हाइके इकडे वळली होती," म्हातारा म्हणाला. "खरे सांगू का कोल्होबा, इथले पक्षी अजून आपल्याइतके चांगले विणत नाहीत. काठाची गाठ चुकते त्यांची."

"मग यांच्या टोपल्या का टिकतात?"

"यांचे गवत ओले असते. ओले पाते वळते, वाळलेले मोडते. तुमच्या चौकीवरून आलेले पाते चोचीत धरले की मोडायचे. आम्ही किती वेळा सांगितले. तुम्ही म्हणालात, कामचुकारांची नवी सबब."

कोल्ह्याला ते आठवले. खरोखरच तो तसे म्हणाला होता. तो नदीत उतरला. घरी आल्यावर तो आपल्या चौकीवर गेला. तिथे तपासणीसाठी उन्हात पसरलेला भारा पडला होता. त्याने एक पाते दातांत धरून वाकवले. ते कट्‌कन मोडले. त्याने दुसरे घेतले, मग तिसरे. फितूर सापडला असता तर त्याला इतके वाईट वाटले नसते.

तो वाघाकडे गेला आणि पाहिलेले सगळे त्याने सांगितले. "महाराज, आपल्याला कुणी लुटले नाही. आपणच आपले गवत वाटेत वाळवले. चौक्या उठवायला हव्यात."

वाघाने डोळे बारीक केले. "काल दिवसभर तू पलीकडे होतास. काय खाल्लेस तिथे?"

"करवंदे, महाराज."

"कुणी दिली?"

कोल्हा चपापला. हा प्रश्न, हा सूर त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. तो स्वतःच तर रोज अशा सुरात बोलत आला होता.

"बाकीच्या चौक्या राहतील," वाघ म्हणाला. "तुझी चौकी तू सांभाळ. साळिंदर वळणावरची जागा सोडून तुझ्यावर नजर ठेवील."

दुसऱ्या दिवशी सांबर गवत घेऊन कोल्ह्याच्या चौकीपाशी आले आणि सवयीने खाली वाकले. "उतरवू नकोस," कोल्हा म्हणाला. "असेच पुढे जा."

सांबर जागचे हलेना. "मला पकडायचा हा डाव तर नाही ना?"

"नाही. तुला भरवसा वाटत नसेल तर साळिंदर बघते आहे, त्याला साक्षीला ठेव."

सांबराने साळिंदराकडे पाहिले, कोल्ह्याकडे पाहिले आणि मागे वळून वळून बघत ते बाभळींकडे गेले. मग कोल्हा तळ्यावर गेला आणि मुंगसाला म्हणाला, "तू इथे बसण्यापेक्षा बाभळीच्या मुळाशी बस. भारा तिथेच उघडेल. तू आत बघ, ते विणायला घेतील."

"मला इथून हटवून साप सोडायचा असेल," मुंगूस म्हणाले.

"असे वाटणारच तुला. पण अंडी बाभळीवर आहेत. तू अंड्यांजवळ असलेले बरे, की तळ्याजवळ?"

मुंगसाने विचार केला आणि ते निघाले. वळणावरची जागा साळिंदराने आधीच सोडली होती. घोरपडीला मुंगूस आणि साळिंदर यांच्यावर लक्ष ठेवायचे होते. लक्ष ठेवायला तिथे कुणी उरले नाही, तेव्हा तीही कंटाळून खडकावर उन्हाला जाऊन पडली. कोणताही हुकूम न निघता वाट मोकळी झाली.

मागे राहिलेल्या विणकरांनी आता ओलेच पोचू लागलेल्या गवताची टोपली विणली. टेकडीपलीकडून एक खार सहज डोकावली. टोपलीत शिरून तिने चांगल्या उड्या मारून पाहिल्या, दातांनी काठ ओढून पाहिला. मग टोपली घेऊन ती गेली आणि काही दिवसांनी आपल्या बहिणींना घेऊन आली. थंडी पडेपर्यंत मध येऊ लागला, कंदही आले. गेलेल्या तरुण पक्ष्यांपैकी काही परतले. म्हातारा विणकर मात्र परतला नाही. "माझे आता इथे बस्तान बसले आहे," असा त्याचा निरोप आला. त्याच्यासारखी काठाची गाठ या जंगलात पुन्हा कुणाला जमली नाही.

वाघाने कोल्ह्याला कधी शाबासकी दिली नाही आणि साळिंदरालाही माघारी बोलावले नाही. ते काटे खडखडवत त्याच्या मागे मागे फिरत राही. कोल्ह्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ऊन चढले, की झाडाखाली सरकून तो त्याला जागा करून देई आणि म्हणे, "ये, सावलीत बस. बघायचेच आहे तर जवळून बघ."

तात्पर्य : आपला माल मागे का पडला याचे कारण शेजाऱ्याच्या अंगणात शोधण्याआधी आपल्याच वाटेवरचे अडथळे पाहावेत, संशयाने चोर क्वचितच सापडतो, चांगला कारागीर मात्र निघून जातो.