भुंगेऱ्याचं पान

एक आटपाट वाळवंट होतं. तिथे एक राजा होता, मोठ्या मिशांचा आणि भारी घाईचा. त्याच्या वाढदिवसाला पंगत बसायची. माणसांची नाही बरं का! मुंग्या, मोर, सरडे, राज्यातल्या सगळ्या जिवांची. प्रत्येक जातीला एक पान. पानं मांडायची धुरपदा नावाची म्हातारी.

वाळूतल्या खारी यायच्या चांगल्या शंभर. आपलं पान फस्त करायच्या, मग मोराच्या पानावर हात मारायच्या, वर धुरपदाच्या पदराला तोंड पुसायच्या. चोरट्या मेल्या! शेजारी गुहेतल्या भुंगेऱ्याचं पान असायचं. त्यावरचा भात मात्र तीन वर्षं तसाच राहिला.

राजा म्हणाला, "जेवायला येत नाही, म्हणजे तो नाहीच. बुजवा ती गुहा!"

धुरपदानं भुंगेरा शोधायला तीन दिवस मागून घेतले.

पहिल्या दिवशी ती मशाल घेऊन गुहेत गेली. कोणी नाही. दुसऱ्या दिवशी मशाल घेऊन, ताशा बडवत गेली. कोणी नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर माणसं दगड घेऊन उभी, आणि एका खारीनं मशालीची चिंधीच पळवली! मग काय, म्हातारी तशीच आत गेली. तळव्यावर भात घेऊन काळोखात बसली आणि मुळूमुळू रडली.

तेवढ्यात तळव्याला गुदगुल्या झाल्या. तिनं हळूच चाचपलं. एक, दोन... सात भुंगेरे! बिचाऱ्यांना डोळेच नव्हते, पण मशालीची धग लागली की दडून बसायचे. जन्म गेला अंधारात, ते उन्हातल्या पंगतीला येणार कसे?

"अगं बाई, पान मीच चुकीच्या जागी मांडलं!"

तिनं राजाला बोलावलं. राजा फणकारला, "खारी शंभर, आणि हे सातच? सातांसाठी अख्खी गुहा?"

"महाराज, खारीचं एक बीळ बुजलं तर ती दुसरं उकरेल. हे सात गेले की संपलंच. आधी खाली बसा. गप्प बसा. हात पुढे करा."

राजा बसला. जरा वेळानं अंधारात कोणीतरी खुदकन हसलं. राजाच तो!

दगड माघारी गेले. खारींचं पान उन्हातच राहिलं. भुंगेऱ्यांचं पान मात्र राजा स्वतः गुहेत नेऊ लागला, मशालीवाचून, अनवाणी. आणि पुढच्या वाढदिवसाला तळव्यावर किती आले, ठाऊक आहे? आठ!

सगळी सुखात राहिली. आता मी दिवा मालवते. तळवे उघडे ठेवा आणि गप्प पडा. बघू, कोण येतंय ते.