ढोली मोजणार कधी?

एक होती खारूताई. तिचं नाव झुबकी. झुबकी पानावर चिक्की विकायची. वारा आला, भुर्र! दुकान उडालं की हो!

झुबकी रडली. "आईचं दुकान चिंचेच्या ढोलीत होतं. गुळाचा कित्ती छान वास यायचा! मला तीच ढोली हवी."

ढोली आता पोपटाची. पोपट म्हणाला, "पोतंभर दाणे आण, ढोली घे. सूर्य बुडायच्या आत हं! नाहीतर घुबडमामा घेणार."

झुबकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"मुंगळेशेठ, दाणे उसने द्या ना! आईची ढोली मिळेना!"

"देईन की! पण आधी ढोली मोजून आण. दुकान मावेल ना, ते कळू दे. मोजल्याशिवाय नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"गोगलगायताई, ढोली मोज ना! मुंगळा दाणे देईना, आईची ढोली मिळेना!"

"साल कोरडी गं बाई! पोट खरचटतं. भिजव, मग मोजते."

तुरुतुरु तुरुतुरु.

"हत्तीदादा, पाणी उडव ना! गोगल ढोली मोजेना, मुंगळा दाणे देईना, आईची ढोली मिळेना!"

"कानामागे किडा चावतोय! तो काढ, मग उडवतो."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बगळोबा, किडा टिपा ना! हत्ती पाणी उडवेना, गोगल ढोली मोजेना, मुंगळा दाणे देईना, आईची ढोली मिळेना!"

बगळा एका पायावर. डोळे मिटलेले. "उद्या ये."

उद्या? सूर्य तर खाली चालला! झुबकी मटकन बसली. आईची फार आठवण आली. ती हळूच म्हणाली, आई म्हणायची तसंच,

"चिक्की घ्या चिक्की, कुडुम कुडुम चिक्की!"

बगळ्याने एक डोळा उघडला. मग दुसरा.

"अगं, ही तर तुझ्या आईची हाक! मी एवढासा होतो. ती मला चुरा द्यायची, रोज! चल, चल, ऊठ!"

बगळ्याने किडा टिपला, टुच्!
हत्तीने पाणी उडवलं, फुस्स!
गोगल निघाली. हळू... हळू...
"लवकर गं गोगलताई!"
"घाई केली तर माप चुकेल, बाई!"
हळू... हळू... "झालं! ढोली मोठी आहे!"
मुंगळ्याने दाणे दिले, धप्प!
पोपटाने ढोली दिली. आणि सूर्य बुडाला, गुडुप!

घुबडमामा आला डोळे चोळत. "अरेच्चा, गेली ढोली? मग चिक्की तरी दे!"

झुबकी आत शिरली. कोपरा हुंगला. अजून गुळाचा वास होता! अगदी आईसारखा. झुबकी हसली, थोडीशी रडलीसुद्धा.

मग तिने पहिला चुरा बगळोबाला दिला.

गूळ गोड, गोष्ट गोड, उरली चिक्की तुम्ही फोड!