भिंतीकडे तोंड

एकदा एका मठात एक वृद्ध साधू आणि त्यांचा शिष्य राहत असत. मठात ज्वारीची मोठी कणगी होती. दर बुधवारी उन्हं उतरली की गावातली गरजवंत माणसं मागल्या दाराने येत आणि आपल्या हाताने ज्वारी काढून नेत. बाबा त्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसत. कोण आलं, किती नेलं, काही बघत नसत. शिष्याला हे पटेना. कणगी राखायची आणि तिच्याकडेच पाठ करायची, ही कुठली रीत?

चैत्रात बाबांना ताप भरला, तो काही केल्या हटेना. वाटप शिष्याकडे आलं. तो दाराकडे तोंड करून, माप हातात घेऊन बसला. मनाने वाईट नव्हता, बरं का. येईल त्याची गोड बोलून विचारपूस करी. लंगडत येणाऱ्या सारजाबाईलाही त्याने विचारलं, "आजी, मागल्या बुधवारी नेली होतीत ना? सरली इतक्यात?"

"सरली रे," म्हातारी खाली बघत म्हणाली. "दोन नातवंडं आहेत."

पुढल्या बुधवारी ती आली नाही. हळूहळू आणखी काही जण यायचे थांबले.

ज्येष्ठात बाबा हिंडू-फिरू लागले, तेव्हा शिष्य हरखून म्हणाला, "महाराज, कणगी अजून अर्धी भरलेली आहे. लोकांची गरज सरली."

"ज्येष्ठात? घराघरांतलं धान्य संपतं तेव्हा?" बाबा म्हणाले. "थोडी ज्वारी बांधून घे. सारजाबाईकडे जाऊन येऊ."

म्हातारी उंबऱ्यात बसून रानातला पाला निवडत होती. मागे जात्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

"नातवंडं कुठं आहेत, आजी?" शिष्याने विचारलं.

"परगावी ठेवलीत, गुरं राखायला. दोन वेळची भाकर मिळते तिथं."

त्याने गाठोडं पुढे केलं. तिने हात लावला नाही. "राहू दे. माझं भागतंय."

परतताना बाबा म्हणाले, "बाळ, भुकेलं माणूस आपल्या दाराशी येतं, त्याआधी ते वाटेतून किती वेळा मागं फिरलेलं असतं, ते त्यालाच ठाऊक. तू वावगं बोलला नाहीस. पण तिला उत्तर द्यावं लागलं. कणगीत उरली ती ज्वारी त्या पोरांच्या ताटातली आहे."

त्या बुधवारी शिष्य भिंतीकडे तोंड करून बसला. मागे पावलं येत होती, ज्वारी सळसळत होती. त्याचे कान एका लंगड्या पावलाकडे लागले होते. उन्हं गेली, ते पाऊल काही वाजलं नाही. त्याने मान मात्र वळवली नाही.