भिवराबाई आणि धुक्याचं पांघरूण

एक होतं गाव. किती उंचावर होतं म्हणाल? तर तिथल्या लोकांना आभाळातल्या घारीचं पोट कधी दिसलंच नाही, नेहमी पाठच दिसायची. इतक्या उंचावर. या बघू जवळ, पाय आत घ्या. हां.

त्या गावात रोज पहाटे दरीतून धुकं वर यायचं. हळूहळू, गाभण गाईसारखं. यायचं आणि दारादारांत बसायचं. मग गावातल्या पोरी ते ओंजळीत धरायच्या, कापसासारखं पिंजायच्या आणि टकळीवर त्याचा धागा काढायच्या. धुक्याचा धागा, बरं का! हाताला गार, आणि कानाशी धरला तर बारीक गुणगुणायचा.

एवढा धागा कशाला? तर गावाजवळ एक तळं होतं. खालच्या सात गावांचं पाणी त्याच तळ्यातून जायचं. थंडीभर पोरी धागा काढायच्या, मागावर विणायच्या आणि पाडव्याच्या दिवशी ते भलंमोठं पांघरूण तळ्यावर घालायच्या. मग उन्हाळाभर तळं त्याच्याखाली झोपून राहायचं. सूर्याला ते दिसायचंच नाही. दिसलं नाही, तर पिणार कसं?

धागा काढायला शिकवायच्या भिवराबाई.

भिवराबाई फार कडक. हातात निर्गुडीची छडी. धागा तुटला की बोटांच्या पेरांवर एक फटका, आणि टकळी पुन्हा पहिल्यापासून. बोलायचं नाही, हसायचं नाही. त्या दाराशी आल्या की पोरी गप्पा सोडून टकळीला लागायच्या.

पण त्या उगाच का अशा होत्या? भिवराबाई आठ वर्षांच्या होत्या ना, तेव्हा शिकवायला एक काकू होत्या. खूप मायाळू. धागा जाड आला तरी म्हणायच्या, "असू दे गं." सुटला तरी म्हणायच्या, "चालतंय गं." आणि त्या वैशाखात पांघरूण विरलं, तळं आटलं. सगळं गाव डोक्यावर बोचकी घेऊन डोंगर उतरलं. भिवराची कपिला गाय वाटेत बसली ती उठलीच नाही. भिवरानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्या हाताखाली असं व्हायचं नाही."

आणि झालंही नाही. पावसात गाव परतलं, मोठी होऊन भिवरा शिकवायला लागली, आणि त्यानंतर वीस वर्षं तळं आटलं नाही. लोक म्हणायचे, शिकवावं तर भिवराबाईंनी.

मग एकदा काय झालं, पाडव्याला पांघरूण घातलं आणि आठ दिवसांत त्याला भोक पडलं. कमळाच्या पानाएवढं. तेवढ्यातून ऊन आत शिरलं आणि पाणी घाटाची एक पायरी खाली गेलं.

भिवराबाईंनी त्या वर्षी शिकणाऱ्या सातही पोरींना उभं केलं. "कोणाचा धागा?"

सगळ्यांच्या माना खाली.

"ठीक आहे. उद्यापासून पहाटे यायचं. तोंडातून अक्षर निघालं तर याद राखा."

उन्हाळ्यात धुकं थोडंच येतं, बरं का. ओंजळ-दोन ओंजळी. त्यातूनच पोरींनी धागा काढला, ठिगळ विणलं. दिसायला अगदी देखणं. भिवराबाईंनी त्यावर बोट फिरवलं. पूर्वी न बघताही त्यांच्या बोटांना गाठ कळायची. पण वीस वर्षं गार धुकं हाताळून बोटं बधिर झाली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

चार दिवसांत ठिगळ फाटलं. आता भोक अंगणाएवढं झालं. पाणी आणखी दोन पायऱ्या खाली.

भिवराबाई खचल्या. छडी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या कडकपणानं होत नाही ना? मग करा तुमच्या मनासारखं." आणि पाठ फिरवून बसल्या. पोरींना आधी खरंच वाटेना. मग एक हसली, मग दुसरी हसली, मग गाणी झाली, गप्पा झाल्या. धागा कुठे दोरीसारखा जाड, कुठे कोळ्याच्या जाळ्यासारखा. ठिगळ पाण्याला टेकलं आणि विरघळून गेलं. साखर विरघळते तसं.

आता भोक शेताएवढं झालं. तळ्याच्या मधला खडक दिसायला लागला. तो खडक भिवराबाईंनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. आठवतंय ना कधी?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरींना बोलावलंच नाही. एकट्याच घाटावर जाऊन बसल्या. ओंजळभर धुकं मांडीवर घेतलं आणि टकळी फिरवली. फिरवली, फिरवली, आणि धागा तुटला. त्यांनी पटकन इकडेतिकडे पाहिलं, तुटलेली टोकं अंगठ्याखाली चेपली आणि तशीच गुंडाळून टाकली.

"बाई, तुम्हीपण?"

मागे तुंगी उभी होती. सातजणींत सगळ्यांत धाकटी. आईनं बाईंसाठी ताक पाठवलं होतं, ते घेऊन आली होती.

भिवराबाईंनी मान वळवली. "तुम्हीपण म्हणजे काय गं?"

तुंगी एक पाऊल मागे सरकली. "आम्ही... आम्हीपण तसंच करतो, बाई. तुटला की चेपून टाकतो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"अगं, मग मला का नाही सांगितलंत?"

तुंगीनं तांब्या खाली ठेवला, हात पुढे केला, बोटं जुळवली आणि डोळे घट्ट मिटले. रोजच्यासारखे. फटक्याची वाट बघत.

भिवराबाई त्या बोटांकडे बघत राहिल्या. एवढीशी बोटं. पेरांवर बारीक बारीक वळ. मग त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तुंगीनं एक डोळा उघडला.

"किती ठिकाणी चेपलंयस?"

"मोजलं नाही, बाई. पण कुठे कुठे ते कळतं. तिथे धागा गुणगुणत नाही."

"मला दाखवशील?"

मग सातहीजणी आल्या. होडीत बसून पांघरुणाच्या कडेकडेनं निघाल्या. ऊन कोवळं होतं, पाणी दुधाळ होतं, आणि पोरी पांघरुणाला कान लावून ऐकत होत्या. "इथे, बाई." "इथे माझं आहे." "हे माझं, दिवाळीतलं." भिवराबाई प्रत्येक ठिकाणी खूण करत गेल्या. एकदाही आवाज चढला नाही. चढणार होता हो, तीनदा चढणार होता! पण त्यांनी गिळला.

एका ठिकाणी थोरली पोर म्हणाली, "हे बारीकच आहे, बाई. राहू दे ना."

"नाही," भिवराबाई म्हणाल्या. "उसव."

उसवलं. किती उसवलं, काही विचारू नका. मग रोज पहाटे ओंजळभर धुकं यायचं आणि आठजणी धागा काढायच्या. हो, आठ. भिवराबाईसुद्धा. पहिल्याच दिवशी त्यांचा धागा तुटला. त्यांनी टकळी वर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझा तुटला. पुन्हा घेते."

मग कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "बाई, माझापण."

"आण इकडे. बघू कुठे तुटतोय. अगं, मनगट किती ताठ धरलंयस! सैल सोड."

चुकला की पुन्हा. चुकला की पुन्हा. तेरा तेरा वेळा पुन्हा. पण आता पोरी आपणहून तुटलेला धागा घेऊन यायच्या, आणि दोघी मिळून तो बघायच्या. वैशाख सरता सरता शेवटचं ठिगळ बसलं. मग त्या काठाला उभ्या राहिल्या, तर सगळं पांघरूण एका सुरात गुणगुणत होतं. खाली मासे झोपले, बेडूक झोपले, पाण्यात हलणारं गवतसुद्धा झोपलं.

त्या वर्षी तळं आटलं नाही. तुमच्या-माझ्यासारखी किती माणसं त्याचं पाणी प्यायली असतील!

पुढे खालच्या गावच्या बायका तुंगीला विचारायच्या, "काय गं, तुमच्या बाई आता मऊ झाल्या म्हणे?"

तुंगी म्हणायची, "छे! अजून तेवढ्याच कडक आहेत. काल चारदा उसवायला लावलं. पण काही चुकलं ना, की आधी त्यांनाच सांगावंसं वाटतं."

मग ती सगळी माणसं त्या उंच गावात सुखानं राहिली. पोरी मोठ्या झाल्या, त्यांच्या पोरी धागा काढायला लागल्या, आणि तळं प्रत्येक उन्हाळा निवांत झोपून काढत राहिलं. चला, आता तुम्हीही झोपा. उशी नीट घ्या. मी इथेच आहे.